दोन मिलिमीटर उजवीकडे

उल्काने शाळिग्रामांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते मोबाइलच्या काचेवर सहा इंची पोलादी पट्टी धरून बसले होते.

जानेवारीतला गुरुवार होता. हडपसरच्या एका आयटी कंपनीत, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, साठी ओलांडलेली अकरा माणसं जमली होती. त्यातले दहा जण चहा-बिस्किटं आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी यांत रमले होते. अकरावे खिडकीजवळ एकटेच बसले होते. इस्त्री केलेला पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेन्सिली, चष्मा कपाळावर चढवलेला. उल्का जवळ गेली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"तुमच्या कागदावर लिहिलंय, चौकोनाची बाजू सहा मिलिमीटर," ते म्हणाले. "हा साडेपाच आहे."

"नाही काका, सहाचाच आहे. प्रोग्रॅममध्ये तसंच सेट केलंय."

"प्रोग्रॅम मी पाहिला नाही. चौकोन पाहिला."

तिने पट्टी हातात घेऊन मोजलं. साडेपाच होता. त्या फोनची कुठलीशी सेटिंग बदलायची राहून गेली होती. तसंच काम पुढे गेलं असतं, तर तीन महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले असते. तिने मनापासून आभार मानले.

"आभार राहू द्या," ते म्हणाले. "आधी दुरुस्त करा."

काम तसं साधं होतं. फोनच्या पडद्यावर एक छोटा निळा चौकोन उमटायचा. त्याला बोट लावायचं. बोट लागलं की तो नाहीसा व्हायचा आणि दुसरीकडे उमटायचा. असे शंभर. बोट चौकोनाच्या बाहेर पडलं तर फोन तक्रार करायचा नाही; ते नेमकं कुठे पडलं, एवढं टिपून ठेवायचा. घरबसल्या डॉक्टरांची वेळ घेता यावी म्हणून कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी एक ॲप तयार करत होती. मंगळवार दाबायला जावं आणि बुधवार दाबला जावा, असं या लोकांचं फार होतं. तेव्हा बटण किती लहान ठेवलं तर चालेल, हे आधी ठरवायचं होतं. त्यासाठी लागणारे आकडे गोळा करणं ही उल्काची नोकरी.

नियम एकच होता आणि तो सगळ्यांनी सही केलेल्या कागदावर छापलेला होता. सलग तीन गुरुवार शंभरात दहापेक्षा कमी चुका झाल्या, की त्या माणसाचा हात बसला असं समजायचं आणि त्याला निरोप द्यायचा. हात बसलेल्या माणसाचा या अभ्यासाला उपयोग नसतो. दहा जणांनी तो कागद न वाचताच सही केली. शाळिग्रामांनी दोन्ही बाजूंनी वाचला, पाऊण तास घेतला, आणि मग सही केली.

रामदास शाळिग्राम, वय चौऱ्याहत्तर, राहणार कसबा पेठ. पाटबंधारे खात्यात ते ट्रेसर होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदाखाली घालायचा आणि वरून शाईने गिरवायचा, हे त्यांनी पंचवीस वर्षं केलं. धरणाची भिंत असो की चौकीदाराच्या खोलीची खिडकी, रेघ इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. मग ते काम कॉम्प्युटर करू लागला. नोकरीची शेवटची आठ वर्षं त्यांनी जुन्या नकाशांना नंबर घालून ते कपाटात रचण्यात काढली. याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. कपाटं मात्र अशी लावली की त्यांच्यामागे कुणाला हात लावायचं धाडस झालं नाही.

असा माणूस पहिल्या गुरुवारी शंभरात एकेचाळीस वेळा चुकला.

"एकेचाळीस?" त्यांनी आकडा दोनदा वाचला. "एवढे मार्क मला शाळेत भूगोलात पडले नव्हते."

पलीकडे मैनाबाई बसल्या होत्या. हडपसर गावातल्याच, चाळीस वर्षं भाजी विकून आता सुनेच्या हाती पाटी देऊन मोकळ्या झालेल्या. त्यांच्या चुका झाल्या होत्या त्रेसष्ट.

"ह्यो चौकोन हाय का मुंगी?" त्या म्हणाल्या. "मुंगी बी मेली आसती येवढ्यात."

"जोर कमी करा बाई," शाळिग्राम म्हणाले. "काच बदलायला लागेल कंपनीला."

तिसऱ्या गुरुवारी मात्र शाळिग्रामांना मर्म सापडलं. घरी त्यांनी फोनच्या काचेवर पावडरीचा हलका हात फिरवला, त्यावर बोट टेकवलं आणि पट्टीने मोजलं. चहाच्या सुट्टीत त्यांनी ते सगळ्यांना समजावून सांगितलं.

"आपल्याला वाटतं, आपण बोटाच्या टोकाने दाबतो. तसं नसतं. टोकाला नख आहे. काचेला लागतो तो खालचा मांसल भाग. शिवाय बोट पुढे गेलं की चौकोन त्याच्याखाली झाकला जातो, म्हणजे शेवटच्या क्षणी आपण आंधळे. म्हणून नेम चौकोनाच्या वरच्या रेघेवर धरायचा. आणि बोट आपटायचं नाही. कागदावर पेन ठेवतो तसं ठेवायचं."

दाराशी उभ्या असलेल्या उल्काने कपाळाला हात लावला.

"काका, तुम्ही शिकवायचं नाही हो त्यांना! त्यांचं त्यांना जमतं का, तेच तर बघायचंय मला."

"का? पेपर फुटला?"

सगळे हसले. उल्काही हसली. पण पेपर खरंच फुटला होता. पुढच्या चार आठवड्यांत एकेकाचे आकडे धडाधड खाली आले. निरोप घेताना प्रत्येकाला कंपनीचं नाव छापलेली स्टीलची बाटली मिळायची. तशा बाटल्या घेऊन एक एक जण निघून जाऊ लागला.

गुरुवारी काम आटोपलं, की बाकीची मंडळी कंपनीच्या गाडीने घरोघर परतत. शाळिग्राम मनपाच्या थांब्यावरून बसने यायचे आणि बसनेच परत जायचे. गाडी नको म्हणाले होते. दुपारची बस दोनची, म्हणून मधला तास ते कॅन्टीनमध्ये जेवायचे. पहिल्या दिवशी उल्का सौजन्य म्हणून त्यांच्यासमोर बसली. नंतर सौजन्य राहिलं नाही. ती आपोआप ताट घेऊन त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊ लागली.

ती मूळची अकोल्याची. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती. हडपसरलाच एका फ्लॅटमध्ये आणखी दोघींबरोबर राहायची, पण तिघींच्या शिफ्ट वेगळ्या असल्यामुळे एकमेकींच्या चपलांवरूनच कोण घरात आहे ते कळायचं. समोर माणूस बसलेलं असताना ती जेवायची, असा आठवड्यातला हा एकच दिवस होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नव्हतं.

"अहो गावंडेबाई, ही भाजी कसली आहे?" शाळिग्राम विचारायचे.

"बाई नका ना म्हणू, काका. पनीर असेल."

"असेल म्हणजे? पुरावा काय?"

मग ती वाटीत चमच्याने ढवळून पुरावा शोधायची.

त्यांच्या घरची माहिती तिला अशीच, घासाघासाने, मिळाली. पत्नी कुसुम दोन वर्षांपूर्वी मुलाकडे, सलिलकडे, बेंगळुरूला गेल्या होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी, तीन महिन्यांकरता. नात झाली, तिचं नाव अवनी ठेवलं. सून नोकरीवर परत गेली, पाळणाघर मनासारखं मिळेना, तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं. भांडण कुणाचं कुणाशी नव्हतं. शाळिग्राम स्वतः पाच आठवडे तिथे राहून आले होते. सगळे कामात असायचे, आणि ते सोफ्यावर बसून असायचे. कुणाला जायचं असलं की पाय आखडून घ्यायचे. सहाव्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून तिकीट काढलं.

"इकडे निदान पाय पसरता येतात," ते म्हणाले.  उल्काने ताक पुढे केलं.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा खोलीत पाचच माणसं उरली होती. शाळिग्रामांचे आकडे सगळ्यांत चांगले होते. सात चुकांच्या गुरुवारनंतर चार चुकांचा गुरुवार. पुढच्या खेपेला त्यांचीही बाटली काढून ठेवायची, असं उल्काने मनाशी म्हटलं. पुढच्या गुरुवारी चौदा चुका झाल्या.

"झोप झाली नाही काल," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा दोन गुरुवार उत्तम गेले. त्या दुसऱ्या गुरुवारी मैनाबाईंचं काम संपलं. बाटली काखेत मारून त्यांनी पिशवीतली मेथीची जुडी शाळिग्रामांपुढे ठेवली.

"माझं झालं बगा, मास्तर. आता बसा तुमी येकटं चौकोन मारीत."

"मी मास्तर नाही हो बाई."

"मग आमाला शिकिवलं कुनी?"

त्या गेल्या आणि खोलीत अकरा खुर्च्या आणि शाळिग्राम एवढेच उरले. पुढच्या गुरुवारी त्यांच्या तेरा चुका झाल्या.

आमोद हा उल्काचा साहेब. ॲप दिसावं कसं, हे ठरवायचं त्याच्याकडे होतं. वय तिशीचं, कामाला वाघ, पण मोठ्या बटणाचं नाव काढलं की त्याचं तोंड कडू व्हायचं.

"एकच माणूस उरलाय ना? मग रिपोर्ट कुठे अडलाय?"

"त्यांचं दोन गुरुवार छान होतं, तिसऱ्याला बिघडतं. दोनदा झालं असं."

"वय आहे, थकत असतील. घाल ना ते पण ॲव्हरेजमध्ये. बटण वाढेल थोडं. वाढू दे. होऊ दे आपली स्क्रीन एसटीच्या पाटीसारखी!"

त्या दुपारी उल्काने दोन्ही बिघडलेल्या गुरुवारांचे आकडे उघडले. चूक झाली ती कुठे झाली, हे पाहायची एक पद्धत असते. सगळे चौकोन एकावर एक ठेवायचे आणि चुकलेलं प्रत्येक बोट एकेका ठिपक्याने दाखवायचं. जानेवारीतलं शाळिग्रामांचं चित्र तिने आधी लावलं. पाटावर तांदूळ सांडावेत तसे ठिपके. बरेचसे चौकोनाच्या खाली, काही डावीकडे, एखादा भलतीकडेच. खऱ्या चुका अशाच असतात. त्यांना शिस्त नसते.

मग तिने नवं चित्र लावलं. सत्तावीस ठिपके होते. सगळे चौकोनाच्या उजव्या कडेपासून बरोबर दोन मिलिमीटरवर, एकाखाली एक. कुणी टोकदार पेन्सिलीने उभी रेघ ओढावी तसे.

तिला आधी हसू आलं. एवढं आलं की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं. मग हळूहळू ते ओसरलं, आणि ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

मधले दोन गुरुवार पुन्हा चांगले गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार उजाडला तो तिसरा होता. उल्काने त्या दिवशी आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावून घेतली आणि फोनकडे न पाहता त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. बोट एका लयीत उचललं जायचं आणि ठेवलं जायचं. मध्येच एखाद्या वेळी ते काचेजवळ क्षणभर थांबायचं, उजवीकडे सरकायचं, आणि मग टेकायचं.

"बारा," शेवटी ते आकडा बघून म्हणाले. "आज जरा बोटं आखडलीत."

उल्काने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "काका, हे जानेवारीतलं तुमचं. आणि हे मार्चमधलं."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दोन्ही चित्रं पाहिली. उजवीकडचं जास्त वेळ पाहिलं.

"रेघ बरी आली आहे," ते म्हणाले.

"काका."

"हो. कळलं."



"असं काहून केलं तुम्ही?" उल्का म्हणाली. हा अकोल्याचा शब्द तिच्या तोंडून ऑफिसात सहसा निघत नसे.

"चुकायचंच तर लांब कशाला चुका, म्हटलं. यंत्राला पटेल तेवढंच चुकलो."

"मला सांगायचं ना सरळ."

"काय सांगू? मला नापास करा म्हणून?"

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. तो स्वच्छच होता.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "की रोज आठ वाजता कुसुमचा फोन येतो. तिच्याकडे सांगायला पुष्कळ असतं. लहान मूल आहे घरात. आज काय बोललं, काय सांडलं, कशावर रुसलं. ते झालं की ती विचारते, तुमचं काय? आता माझं काय असणार? नळाला पाणी आलं, म्हणतो. मग तीही बरं म्हणते, मीही बरं म्हणतो. हे दीड वर्ष चाललं होतं. जानेवारीपासून ती विचारायला लागली, तुमचे हडपसरचे लोक काय म्हणतात? मग मी सांगतो. मैनाबाई काय बोलल्या, तुमचे ते आमोद कसं तोंड करतात, भाजीत पनीर सापडलं की नाही. तिला मैनाबाई फार आवडतात. गुरुवारचं सगळं मी गुरुवारीच सांगून टाकत नाही. पुरवून पुरवून सांगतो. सोमवारपर्यंत जातं. मंगळवार-बुधवार मग तिचं ऐकून घेतो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी तुमच्याकडे सल्लागार आहे, असं सांगितलंय तिला. तेवढं पोटात ठेवा."

उल्काने मान हलवली. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. रिपोर्ट तिला लिहायचा होता, आकडे तिच्या हातात होते. शाळिग्रामांना आणखी महिनाभर चालू ठेवायला तिला कुणी हरकत घेतली नसती. आमोदने तर ते आकडे घाल असंच सांगितलं होतं. ती तसं बोलणार, एवढ्यात त्यांनीच विचारलं.

"याने तुमच्या हिशोबात काही फरक पडला का हो?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती? मोजलं असेल ना तुम्ही?"

तिने मोजलं होतं. "बटण आठ मिलिमीटरचं ठरत होतं. तुमचे बिघडलेले गुरुवार धरले तर साडेआठ होतं."

"अर्धा?"

"अर्धा."

इतका वेळ शांत असलेले शाळिग्राम खुर्चीत ताठ झाले. आपली लबाडी पकडली गेली याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नव्हतं. या अर्ध्या मिलिमीटरने मात्र ते खरोखर अस्वस्थ झाले. त्यांनी दोन्ही चित्रं पुन्हा पाहिली.

"म्हणजे माझं खोटं माप धरून तुम्ही ते बांधणार. आणि उद्या हजारो लोक तेच वापरणार."

"बटण मोठं झालं तर वाईट काय आहे, काका? उलट बरंच..."

"मोठं करायचं तर खुशाल दहाचं करा. पण मोजून करा. चुकीच्या मापावर काही उभं करायचं नसतं, गावंडेबाई. पुढच्या माणसाला कळतसुद्धा नाही, कुठे चुकलंय ते." त्यांनी बोट लॅपटॉपच्या दिशेने केलं. "ते तिन्ही गुरुवार काढून टाका. आजचा धरून. मग माझं काम कधी संपतं?"

"काढले तर मार्चमध्येच संपलंय."

"मग संपलं," शाळिग्राम म्हणाले.

उल्काने त्यांच्यासमोरच ते तीन गुरुवार वगळले. संगणकाने खात्री आहे का म्हणून विचारलं. तिने शाळिग्रामांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये वांग्याची भाजी होती, पुराव्याची गरज नव्हती.  ताटं उचलायच्या वेळी ती म्हणाली, "काका, तुम्ही असेच येत जा ना गुरुवारी. जेवायला. मी असतेच."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मनापासून बोलत होती हे त्यांना कळलं होतं, म्हणून उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला.

"खाली गेटवर तो वॉचमन वही पुढे करतो," ते म्हणाले. "नाव, वेळ, आणि कामाचं स्वरूप. तीन महिने मी तिथे 'चाचणी' असं लिहितोय. आता काय लिहू?"

 यावर काही तरी सुचायला हवं होतं, असं पुढे कित्येक दिवस तिला वाटत राहिलं. त्यांनी बाटली घेतली, ती पिशवीत उभी राहील अशी ठेवली, आणि दोनच्या बसने ते गेले.

रिपोर्टमध्ये बटण आठ मिलिमीटरचं झालं. आमोद खूश झाला. ॲप जूनमध्ये लोकांच्या हाती गेलं. गुरुवारी उल्का पुन्हा जागेवरच डबा खाऊ लागली, एका हाताने कीबोर्ड सांभाळत. तिने शाळिग्रामांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ठीक. तुमचं?" तीही "ठीक" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्यांचं आणि कुसुमकाकूंचं बोलणं पूर्वी असंच होत असणार.

जुलैतल्या एका शनिवारी ती कसबा पेठेत गेली. गाडीला जागा मिळेना, तेव्हा दोन गल्ल्या चालत. शाळिग्रामांचं घर नव्या बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांनी लगेच उघडलं. घर इतकं आवरलेलं होतं की कुठे बसावं हा प्रश्न पडावा. त्यांनी चहा केला, गाळला, आणि दोन्ही कपांत सारखा आला आहे ना हे वाकून पाहिलं.

"काकूंना सांगितलंत?" उल्काने विचारलं.

"सांगितलं. खरं होतं ते सगळं सांगितलं. रेघेचंही."

"मग? रागावल्या?"

"हसली. अहो, इतकी हसली की मला वाटलं फोन पडला हातातून. म्हणाली, तुम्ही चुकणार तेही पट्टी लावून." ते स्वतःही जरासं हसले. "दहा मिनिटं बोलत होती. मग अवनी उठली, म्हणून ठेवला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी काय? नळाला पाणी आलं."

तिने कप खाली ठेवला. कुसुमकाकू कधी येणार, हे तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. खिडकीतून खालच्या गल्लीतला घण मारल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने शाळिग्रामांनी घड्याळ पाहिलं, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, तुम्हाला खालपर्यंत सोडतो. मलाही औषधवाल्याकडे जायचंय."

औषधाचं दुकान कोपऱ्यावरच होतं. दुकानदाराने त्यांना लांबूनच पाहिलं आणि चिठ्ठी न बघता गोळ्यांची एक पट्टी काढून काउंटरवर ठेवली.

"शाळिग्रामकाका, किती वेळा सांगितलं, महिन्याची एकदम घेऊन जा. तीन मजले चढता-उतरता उगीच."

"लिफ्ट आहे," शाळिग्राम म्हणाले. "आणि तुम्हाला गिऱ्हाईक नको असेल तर पाटी लावा तशी."

"घ्या! सकाळपासून कुणी टोमणा मारला नव्हता, म्हटलं आज दिवस बरा जातोय."

"ह्या गावंडेबाई," शाळिग्रामांनी ओळख करून दिली. "हडपसरला असतात. आम्ही एकत्र काम करत होतो."

दुकानदाराने नमस्कार केला, हडपसरच्या ट्रॅफिकबद्दल दोन वाक्यं बोलला, आणि पाच-सात मिनिटं तिथे तशीच गेली. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. उल्का निघाली. गल्लीच्या वळणावरून तिने मागे पाहिलं, तेव्हा ते पट्टी खिशात घालून घराकडे वळले होते.

शाळिग्रामांना रक्तदाबाची गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. एका वेळी ते दहा गोळ्यांची एकच पट्टी विकत घेतात, आणि दर पाचव्या दिवशी खाली उतरतात.